मोजताना बोलायचं नाही

दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या घरातली मुंगी सोफ्यावर आडवी पडून मरायला टेकायची. मुंगी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी, वय वर्षं सहा. साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून हे नाव पडलेलं. मरायला टेकणं तिला छान जमायचं. आधी गळा धरायचा, मग दोनदा खोकायचं, मग डोळे गरगर फिरवायचे. डोळे फिरवण्याची भर तिनं स्वतःच्या मनानं घातली होती. ती अभ्यासक्रमात नव्हती आणि त्याबद्दल तिला दोनदा ताकीदही मिळाली होती.

ताकीद देणारी तिची आई. ती एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. तिथं तिला सगळे मॅडम म्हणायचे. घरी नवराही मॅडमच म्हणायचा, आधी चिडवायला आणि पुढंपुढं सवयीनं. आपणही मॅडमच म्हणू, उगाच वाकड्यात कशाला शिरा.

कारखान्यात मॅडम वर्षातून चार वेळा भोंगा वाजवून तीनशे माणसांना आवारात काढायच्या. आग एकदाही लागली नव्हती, पण लागली असती तर तिला तीन मिनिटं दहा सेकंद थांबावं लागलं असतं, एवढी शिस्त होती. कामगार आपापले चहाचे ग्लास घेऊन बाहेर यायचे. ग्लास आतच ठेवून यायचं, असा मॅडमनी नियम केला, तेव्हा लोक चहा एका घोटात संपवून बाहेर यायला लागले आणि वेळ पंधरा सेकंदांनी वाढला. ते पंधरा सेकंद मॅडमच्या मनाला फार लागले होते.

दीड वर्षापूर्वी मुंगीनं शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं शेंगदाण्याचं बिस्किट खाल्लं. दहा मिनिटांत तिचा चेहरा सुजला, आवाज बसला आणि शाळेच्या व्हॅनमधूनच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता शेंगदाण्याचा कणही पोटात जाता कामा नये. चुकून गेलाच आणि घसा आवळायला लागला, तर वाट बघत बसायचं नाही, इंजेक्शनचं पेन मांडीवर दाबायचं. त्यांनी खरी पेनं दोन दिली. एक शाळेत ठेवायचं, एक सदैव मुलीजवळ, निळ्या पाकिटात. शिवाय घरच्यांना शिकवायला तिसरं दिलं, सरावाचं. त्यात सुई नाही, औषध नाही. दाबलं की नुसतं खट्ट वाजतं.

डॉक्टरीणबाईंनी ते एकदा दाखवण्यापुरतं दिलं होतं. त्यांना काय कल्पना, आपण ते कुणाच्या हातात देतोय!

त्या दिवसापासून नातेवाईकही कामाला लागले. अ‍ॅलर्जी हा विषय नातेवाइकांना फार आवडतो, कारण त्यातलं कुणालाच काही कळत नसतं आणि बोलता मात्र सगळ्यांना येतं. एका मावशींनी रोज थोडं थोडं चाटवायला सांगितलं, म्हणजे सवय होईल. एका काकांच्या मते मुलगी लहानपणी मातीत खेळली नव्हती. दुसऱ्या काकांच्या मते ती मातीत फार खेळली होती. एका चुलतभावानं, आपल्यालाही सकाळी लवकर उठण्याची अ‍ॅलर्जी आहे, असा विनोद केला आणि तोच पुढं तीन लग्नांत केला. मॅडम प्रत्येकाला छापील माहितीपत्रक द्यायच्या. मावशींनी ते कपाटाच्या फळीवर अंथरलं.

घरात मात्र विरोधी पक्ष एकच होता, सासूबाई.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," सासूबाई म्हणायच्या. "पोरं खिसे भरभरून दाणे खात हिंडायची."

"तुमच्या वेळी ज्यांना त्रास व्हायचा ती पोरं जायची, आई, आणि कशानं गेली ते कळायचं नाही," मॅडम म्हणाल्या. यावर सासूबाई दोन दिवस फक्त मुंगीशी बोलल्या.

रविवारचा सराव असा चालायचा. तेवढ्यापुरतं खरं पेन टेबलावर काढून सरावाचं निळ्या पाकिटात ठेवायचं. मुंगीनं सोफ्यावर मरायला टेकायचं. मॅडमनी किंवा नवऱ्यानं निळं पाकीट उघडायचं, पेन काढायचं, टोपण उपसायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला घट्ट दाबायचं, खट्ट, आणि मग मोठ्यानं एक ते दहा मोजायचं. दुसऱ्यानं तोवर रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि वेळ टिपून ठेवायची. मग गुण. नवऱ्याला साडेसहाच्या वर कधी मिळाले नाहीत, कारण तो वेळ टिपायला विसरायचा. फ्रिजवर प्लॅस्टिक चढवलेला तक्ता होता. दूध काढायला गेलं तरी माणसाला आपले साडेसहा दिसायचे.

सुरुवातीला सासूबाईही बघायला बसायच्या. बघायच्या म्हणजे बोलायच्या.

"अगं, पण याला सुई कुठंय?"

"हे सरावाचं आहे, आई. याला राखाडी पट्टी आहे. खऱ्याला पिवळी. शिवाय मी याच्यावर मोठ्या अक्षरात 'सराव' लिहिलंय."

"मग खऱ्यानंच का नाही करत?"

"एकदाच चालतं ते."

"आणि पोरीला आडवं पाडून हातात घड्याळ कसलं धरतेस? जवळ घे ना तिला."

चौथ्या रविवारी मॅडमची मोजणी सहावर चुकली. तेव्हा नियम झाला आणि तक्त्यावर लाल अक्षरात चढला: मोजताना कुणी बोलायचं नाही. मुंगीलाही तो लागू होता. ती एकदा आठच्या आकड्यावर "आई, शी आलीय" म्हणाली होती, तेव्हा मॅडमनी बोटानं गप्प केलं आणि दहापर्यंत मोजलं. पुढं सोफ्याचं कापड धुवावं लागलं, पण मोजणी पूर्ण झाली.

नियम झाल्यावर सासूबाईंनी दिवाणखान्यात यायचं सोडलं. रविवारी दहाला त्या स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटून भांडी आपटायच्या. दहा वाजून पाच मिनिटांनी भांडी थांबायची. रुसून बसल्या असतील, असं मॅडम मनाशी म्हणायच्या आणि टोपण उपसायच्या.

असे सत्तर-एक रविवार गेले. मुंगी सत्तर वेळा वाचली.

मग तो रविवार आला. त्या दिवशी चार वाजता नणंदेकडे तिच्या मुलाचा वाढदिवस होता. सकाळी सराव झाला, आणि मॅडम गुण लिहीत होत्या तेवढ्यात नणंदेचा फोन आला. केकच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखव, असं मॅडमनीच तिला सांगितलं होतं आणि ती बिचारी वाचत होती. खांद्यानं फोन कानाशी दाबून, "पुढे, पुढे वाच," म्हणत मॅडमनी आवराआवर केली. टेबलावरचं एक पेन निळ्या पाकिटात गेलं, एक ड्रॉवरमध्ये. मॅडमचे हात कधी चुकत नसत, त्यामुळे त्यांच्याकडे बघायची गरज नव्हती.

दुपारी गाडीत सासूबाई मागच्या सीटवर मुंगीशेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. "अगं," त्या म्हणाल्या, "तो ड्रॉवर आहे ना आपला, त्यात ते…"

ड्रॉवर अडकतो, ही त्यांची चार महिन्यांची तक्रार होती. "आई, प्लीज," मॅडम म्हणाल्या. "आज नको. आज मला डोकं शांत हवंय."

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. नवऱ्यानं आरशातून एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि समजूतदार माणूस अशा वेळी करतो तेच केलं. गाडी चालवली.

"वहिनी, दाण्याचं नावसुद्धा नाही हं घरात," नणंदेनं दारातच सांगितलं. मॅडमनी तिच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन कपाटं उघडली. चष्मा लावून डबे वाचले, वेष्टनं वाचली, केकचं खोकं उलटसुलट करून वाचलं. नणंद पाठीमागं उभी राहून हसत होती. ते हसणं बघवत नव्हतं, पण मॅडम बघतच नव्हत्या. दहा मिनिटांनी त्यांनी घराला परवानगी दिली.

जावयांची, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याची, व्यायामाची बॅग मात्र त्यांनी उघडली नाही. बॅग कोण उघडेल? जावई रोज दीड तास वजनं उचलायचे आणि उरलेला वेळ त्याबद्दल बोलायचे. साडेतीनला त्यांनी बॅगेतली बरणी काढून दोन ब्रेडवर पीनट बटर लावलं होतं, ओट्यावरच्या सुरीनं. मग सुरी कागदानं पुसून जागेवर ठेवली होती. फार व्यवस्थित माणूस. त्याच सुरीला रिबीन बांधून नणंदेनं ती केकशेजारी ठेवली.

केक कापला, टाळ्या झाल्या, मुंगीनं तिचा तुकडा खाल्ला आणि वरचं क्रीम चाटूनपुसून घेतलं. पाचेक मिनिटांनी ती मॅडमजवळ आली.

"आई, माझ्या जिभेला मुंग्या आल्यात."

"मुंगीला मुंग्या!" जावई खदखदून हसले आणि त्यांनी टाळीसाठी हात पुढं केला.

मुंगी खोकली. दोनदा नाही, बऱ्याचदा. गळ्यावर लाल चट्टे चढत होते आणि वरचा ओठ एका बाजूनं फुगत होता. तिनं गळा धरला नाही. डोळेही फिरवले नाहीत. ती नुसती आईकडे बघत राहिली आणि त्यावरूनच मॅडमना कळलं, की हे खरं आहे.

मॅडमचे हात कामाला लागले. दीड वर्ष त्यांनी याच क्षणासाठी घासलं होतं. "सोफा मोकळा करा. तू फोन कर." मुंगी आडवी. निळं पाकीट. पेन. टोपण. मांडी. "आता मी मोजते. कुणी बोलायचं नाही." खट्ट.

"एक. दोन. तीन."

वीसेक माणसं चिडीचूप झाली. फुगा फुटला असता तर त्यालाही दम मिळाला असता. नवरा कोपऱ्यात फोनवर पाठ केलेलं वाक्य एकही शब्द न गाळता म्हणत होता, आणि आज त्यानं मनगटावर बॉलपेननं वेळसुद्धा लिहिली, चार वाजून बावीस. मुंगीनं पाचला तोंड उघडलं. मॅडमनी मानेनंच नाही म्हटलं. तिनं मिटलं.

"नऊ. दहा."

दहा गुणांपैकी दहा. मॅडम पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आता श्वास मोकळा व्हायला हवा होता. झाला नाही. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि ओठ आणखी फुगत होता. दीड मिनिट, दोन मिनिटं. औषध लागू पडत नाहीये, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी हातातलं पेन वळवून बघितलं.

राखाडी पट्टी. आणि वर त्यांच्याच वळणदार, ठळक अक्षरात: सराव.

अशा प्रसंगी काय करायचं, हे तक्त्यावर नव्हतं. मॅडमना उठता येईना, ओरडता येईना. खरं पेन घरी होतं, वीस मिनिटांवर. शाळेतलं शाळेत होतं आणि आज रविवार. पोर माझ्या हातात जातेय आणि माझ्या हातात खेळणं आहे, एवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

"सरक तिकडं," सासूबाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. बसताना गुडघा कडकन वाजला. पर्स उपडी केली. रुमाल पडला, चष्म्याचं घर पडलं, खोकल्याच्या गोळ्या घरंगळत सोफ्याखाली गेल्या, आणि शेवटी पिवळ्या पट्टीचं पेन पडलं. सासूबाईंनी टोपण दातानं उपसलं. ही चूक होती, मॅडमनी दोन गुण कापले असते. मग मुंगीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेन फ्रॉकवरूनच मांडीत दाबलं.

मुंगी किंचाळली. घोगरं, फाटकं, पण किंचाळली.

"झालं, झालं गं माझे बाई. एक. दुखतंय? दुखणारच, मेलं सुईचंय ते. दोन. रड, खुशाल रड, कोण काय म्हणतंय बघते मी. तीन, चार. माझी शहाणी बाय. किती झाले? चार. बरं, परत चार. पाच…"

त्या तेरापर्यंत गेल्या. मधे सात राहिलाच. सगळा वेळ त्यांचं तोंड चालू होतं, आणि सगळा वेळ मुंगी त्यांच्याकडे बघत होती.

रुग्णवाहिका येईपर्यंत शिट्टी बारीक झाली होती. नणंद रडत होती. जावई सुरीकडे, मग बॅगेकडे, मग परत सुरीकडे बघत होते. दाराशी ते नवऱ्याला हळूच म्हणाले, "पण ते शेंगदाणे नाहीत रे. प्रोटीन आहे." दीड वर्षात एवढी माहितीपत्रकं वाटली, पण हा मुद्दा खरोखरच त्यांत घ्यायचा राहून गेला होता.

दवाखान्यात सहाच्या सुमाराला मुंगीचा चेहरा पुष्कळ ओसरला. हाताला सलाईन, बोटाला चिमटा लावलेला, आणि ती झोपलेली. आजची रात्र नजरेखाली ठेवू, असं म्हणून तरुण डॉक्टर कागद घेऊन आले.

"इंजेक्शन किती वाजता दिलं?"

"चार बावीस," नवऱ्यानं अभिमानानं मनगट पुढं केलं.

"ते पुसून टाक," मॅडम म्हणाल्या. "ते खोटं होतं. खरं चार पंचवीसला. यांनी दिलं."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. "बरं केलंत, आजी. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. कुणी शिकवलं?"

"ही घेते ना दर रविवारी," सासूबाई म्हणाल्या. "मी दाराआडून बघते. आत गेलं की बोलायचं नाही, आणि मला गप्प बसवत नाही."

डॉक्टर गेले. कारखान्यात अपघात झाला, की मॅडम एक तक्ता भरायच्या. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असायचा आणि त्यात त्या वर्षानुवर्षं एकच लिहायच्या, प्रशिक्षणाचा अभाव. आता तो रकाना डोळ्यासमोरून हलेना. त्यांना रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही, असंही वाटत होतं.

"तुम्हाला कुठं मिळालं, आई?"

"ड्रॉवरमध्ये. चष्मा शोधत होते. पिवळी पट्टी दिसली. म्हटलं, हे इथं, तर पाकिटात काय?"

"मग सांगितलं का नाहीत?"

सासूबाईंच्या आवाजात टोमणा नव्हता आणि तेच मॅडमना सोसेना. "सांगत होते की. गाडीत. तू म्हणालीस, आई, प्लीज. म्हटलं, भाषण ऐकण्यापेक्षा पर्समध्ये आहे ते बरं. आणि तिथं तू ते दाबलंस तेव्हा वाटलं, माझंच चुकलं असेल, ही कशी चुकेल? मी पण बघत बसले दोन मिनिटं. मला आधी ओरडायला हवं होतं."

मॅडमनी त्यांचा हात धरला. दीड वर्षात पहिल्यांदाच. सासूबाईंनी तो धरू दिला आणि दुसऱ्या हातानं पर्समधली उरलीसुरली खोकल्याची गोळी काढून त्यांना दिली. मॅडमनी वेष्टन न वाचता ती तोंडात टाकली.

तेवढ्यात मुंगी जागी झाली. तिनं आधी चिमटा लावलेलं बोट बघितलं, मग आजीला, मग आईला.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू खोटं पेन लावलंस."

"हो गं राणी." मॅडमचा आवाज फुटला. "माझं चुकलं."

"मला माहीत होतं. ते दुखलंच नाही. रविवारच्यासारखं नुसतं खट्ट झालं."

"मग तू… बोलली का नाहीस, बाळा?"

मुंगीनं आईकडे बघितलं. इतकं साधं आईला कळत नाही, याचं तिला खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तू मोजत होतीस ना," ती म्हणाली.